मालाडचा दगड निळा पडतो तेव्हा

गेल्या वर्षी काळा घोड्याला जाऊन डेव्हिड ससून लायब्ररीचे बारा-पंधरा फोटो काढले आणि हौसेनं काकांना दाखवले. काकांची अख्खी नोकरी फोर्टात गेली. त्या लायब्ररीवरून ते रोज दोनदा जायचे, तेही तीसेक वर्षं. त्यांनी फोन हातभर लांब धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "अगं, हिला बरं नाही का?"

खरंच बरं नव्हतं. 1870 सालची ही इमारत मालाडच्या पिवळ्या दगडाची. माझ्या फोटोत ती ओल्या सिमेंटसारखी, वर निळसर झाक मारलेली. घरी बसून पिवळेपणा वाढवून पाहिला, तर समोरच्या रस्त्यावरची माणसं कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली. तेव्हा ठरवलं, पुढच्या वेळी काकांनाच बरोबर न्यायचं.

डिसेंबरातला रविवार धरला. डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडली आणि सातच्या आसपास सीएसएमटीला उतरलो. तुम्हीही रविवारच निवडा, रस्ते मोकळे मिळतात. फक्त परतीच्या गाडीसाठी मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवा. आम्ही ते पाहिलं नव्हतं, म्हणून सांगते.

स्टेशनातून बाहेर आल्या आल्या बहुतेक जण मागे वळून सीएसएमटीचा फोटो काढतात. मीही पूर्वी तेच केलं होतं. पण या इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी ऊन तिच्या पाठीवर असतं, त्यामुळे पुढची बाजू सावलीत आणि मागचं आकाश पांढरं फटक. तेव्हा सकाळी तिच्याकडे पाठ करा आणि समोरची महापालिका टिपा. दोन्ही इमारती फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्याच. स्टेशन 1888 साली पूर्ण झालं, पालिका 1893 साली. पालिकेच्या अंगावर सकाळचं ऊन सरळ येतं.

सगळ्या दिवसाची आखणी या एका गोष्टीवर होते: कुठल्या इमारतीचं तोंड कुठे. ससून लायब्ररी जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर, पूर्वाभिमुख. ती सकाळची. मी गेल्या वर्षी दुपारी चारला गेले होते, म्हणजे दर्शनी भिंत पूर्ण सावलीत. सावलीत ऊन नसतं, असतो तो नुसता आकाशाचा निळा उजेड, आणि तोच दगडावर बसतो. ओव्हल मैदानाचे तर सरळ दोन भाग पडतात. पूर्वेकडची विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट ही गॉथिक रांग पश्चिमेला बघते, म्हणून दुपारी तीननंतरची. पश्चिमेकडची आर्ट डेको घरं पूर्वेला बघतात, म्हणून सकाळची. या दोन्ही रांगा मिळून 2018 साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. मध्ये उभं राहून एकाच वेळी दोन्हींचे चांगले फोटो घ्यायला जाल तर एक बाजू हमखास बिघडेल.

लायब्ररीपाशी पोचलो तेव्हा ऊन कमानींच्या वर चढलेलं होतं. कॅमेरा बाहेर काढायच्या आधी काकांनी मला भिंतीपाशी नेलं. "आधी दगड बघ." जवळून तो नुसता पिवळा नाहीच. ज्वालामुखीतून घडलेला हा दगड. पिवळ्यात राखाडी खडे रुतलेले, कुठे तांबूस डाग, एका चिऱ्यात तर चक्क हिरवट झाक. लांबून या सगळ्याची मिळून जी छटा होते तिला काका म्हणाले, "खारी बिस्कीट. भाजलेली बाजू नव्हे, आतली." मी वहीत तसंच लिहून घेतलं. हसू नका, संध्याकाळी स्क्रीनसमोर बसल्यावर या एका ओळीचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच झाला नाही. आठवण फार पटकन फितूर होते. तासभर एकच फोटो पाहिला की फोटोतला रंगच खरा वाटायला लागतो.

आता कॅमेऱ्याकडे. गडबड ऑटो व्हाइट बॅलन्समुळे होते, म्हणजे उजेडाचा रंग कॅमेरा आपला आपणच ठरवतो त्यामुळे. सगळी चौकट पिवळ्या दगडाने भरली की कॅमेऱ्याला वाटतं, उजेडच पिवळा आहे. मग तो आपणहून निळा मिसळून पिवळा मारतो. म्हणजे इमारत जितकी जास्त भराल तितका रंग जास्त पडेल. उपाय सोपा आहे: ऑटो बंद. उन्हात डेलाइट, म्हणजे साधारण 5200 केल्विन (केल्विन हे उजेडाचा रंग मोजायचं माप), आणि ते तिथेच ठेवायचं. भिंत सावलीत असेल तर 7000 च्या आसपास. फोनवाल्यांनी प्रो मोडमध्ये जायचं, तिथे हाच आकडा मिळतो. शक्य असेल तर रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढा, कारण रॉ मध्ये हा आकडा नंतरही बदलता येतो. जेपीईजीत, म्हणजे नेहमीच्या फोटो-फाइलीत, फार ओढाताण केली की आकाश फाटतं.

आणि एक ग्रे कार्ड न्या, म्हणजे नुसत्या करड्या रंगाचं कार्ड. फोटोंच्या दुकानात मिळतं, खिशात मावतं. ज्या उजेडात इमारत आहे त्याच उजेडात ते धरून एक फोटो घ्यायचा आणि घरी त्या करड्यावरून बाकीच्या फोटोंचे रंग दुरुस्त करायचे. मी कार्ड झाडाखाली उभी राहून धरलं आणि इमारत उन्हात होती. पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड कार्डावर पडला, आणि त्यावरून दुरुस्त केलेली लायब्ररी गुलाबी झाली. कार्डाऐवजी पांढरा कागद चालेल का, असं विचारतात. चालवू नका. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं असतात, ती उन्हात निळसर झळकतात.

जवळच केनेसेथ इलियाहू सिनेगॉग आहे, 1884 सालचं. जुन्या फोटोंत ते फिकट आकाशी दिसतं. 2019 च्या जीर्णोद्धारानंतर आता गडद निळं आणि पांढरं आहे. जुना फोटो समोर ठेवून रंग जुळवायला जाऊ नका. तिथे पहारा असतो, कॅमेरा काढण्याआधी विचारा. फ्लोरा फाउंटनचंही तसंच. 1864 चं ते कारंजं पोर्टलंडच्या दगडाचं आहे, पण कित्येक वर्षं त्यावर ऑइलपेंटची पुटं होती. ती काढल्यावर खरा दगड दिसला. काकांना तो ओळखूच येईना. इथे उजेड थोडा कमी घ्या, नाहीतर मूर्तींची नाकं-डोळी पांढऱ्यात विरघळतात.

दुपारी ऊन डोक्यावर आलं की कॅमेरा बंद करून सरळ इराण्याकडे बसा. बन-मस्का, चहा, पाय लांब. त्या वेळच्या फोटोंत छज्ज्यांच्या काळ्या सावल्यांशिवाय काही येत नाही.

साडेतीनला ओव्हलवर गेलो. बावीस एकरांचं मैदान, एकाच वेळी दहा-बारा मॅचेस, त्यामुळे चेंडूकडे लक्ष ठेवून. राजाबाई टॉवर 85 मीटर उंच, 1878 साली पूर्ण झालेला. जवळून टिपला तर मागे कलतो, मैदानाच्या पलीकडच्या कडेनं सरळ येतो. शेजारचं हायकोर्ट काळ्या-निळ्या बेसाल्टचं. टॉवर फिका, कोर्ट काळं. कोर्टाने चौकट भरली की कॅमेरा ते उजळवायला जातो आणि टॉवर पांढरा फटक पडतो. मी उजेडाचं मोजमाप टॉवरवर घेतलं, कोर्ट थोडं अंधारात राहू दिलं. ते तसंच शोभतं.

इथे मला एक शहाणपण सुचलं होतं: काळा दगड करडाच की, मग कार्ड कशाला? घरी जाऊन संगणकावरचं रंग टिपायचं ड्रॉपर कोर्टाच्या भिंतीवर टेकवलं. आकाश चहासारखं झालं. बेसाल्ट डोळ्यांना करडा वाटतो, पण त्यात निळं असतं, आणि ते निळं मारलं की बाकी सगळं पिवळं होतं.

पश्चिमेच्या आर्ट डेको घरांसाठी पुन्हा यावं लागेल. पण त्यांच्यापैकी बरीचशी रंगवलेली आहेत, तिथे खरा रंग म्हणजे सोसायटीने शेवटच्या रंगकामाला निवडला तो. इरॉस मात्र अपवाद: 1938 चं थिएटर, तांबडा वालुकाश्म आणि क्रीम रंग. तो तांबडा फोनवर भडक विटकरी होतो, फोनचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, खाली आणा.

सूर्य कलताना सीएसएमटीला परतलो. पालिकेच्या बाजूला व्ह्यूइंग गॅलरी आहे, तिथून घुमटावरच्या पुतळ्यासकट सगळी इमारत येते. हा पंधरा-वीस मिनिटांचाच खेळ. नंतर रंगीत दिवे लागतात, मग दगडाचा रंग विसरा. दिव्यांचेच फोटो काढायचे असतील तर खुशाल काढा, पण जांभळ्या उजेडातून पिवळा दगड परत मिळवायला जाऊ नका. ट्रायपॉड उघडलात की कोणीतरी परवानगी विचारायला येतं. मी गॅलरीच्या कठड्यावर कॅमेरा टेकवला.

घरी आल्यावर स्क्रीनचा उजेड अर्ध्यावर आणला, रात्रीचा पिवळा मोड बंद केला (हा विसरलात तर दिवसभराची मेहनत वाया), आणि वहीतली खारी समोर ठेवली. शेवटी एक प्रिंट काढून काकांना दिलं, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो प्रत्येकाच्या फोनवर वेगळाच दिसतो. त्यांनी ते खिडकीपाशी नेलं, उलटसुलट केलं.

"हं. ही आपली लायब्ररी." मग थोडं थांबून, "पण जुलैत हा दगड असा नसतो हं. भिजला की गुळासारखा होतो."

जुलैतला रविवार ठरला आहे. छत्री धरायला ते येणार आहेत.