तुम्ही विचारलंत म्हणून: माळ्यावरच्या कॅमेऱ्याचे किती येतील?

महिन्यातून एकदा तरी असा फोन येतोच. घराला रंग काढलेला असतो, किंवा कुणी गेल्यावर त्यांचं सामान आवरायला घेतलेलं असतं, आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून धुळीने माखलेला कॅमेरा निघतो. आजोबांचा, नाहीतर काकांचा. "तुम्ही जुने कॅमेरे जमवता ना? याचे किती येतील हो?"

किमतीचं सांगतोच. पण त्याआधी एक विनंती: तो उघडू नका. आत रोल असू शकतो.

तिशीत असताना एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात मी एक घडीचा कॅमेरा उचलला होता. लेन्समागचा घड्यांचा भाता कुठे फाटलाय का ते बघायला भर उन्हात मागचं झाकण उघडलं आणि आतली गुंडाळी सुटून हातावर आली. कुणाचे फोटो होते ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. घरी नेऊन मी तो रोल धुतला. सगळाच्या सगळा काळा निघाला. ती काळी पट्टी मी अजून टाकलेली नाही.

रोल आहे का, हे न उघडताही कळतं. रुंद, कागदात गुंडाळलेला रोल घेणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांच्या पाठीवर बहुधा एक लहानशी लाल खिडकी असते. फिल्मच्या पाठीमागच्या कागदावर छापलेले आकडे त्या खिडकीत दिसतात. खिडकी लालच का, तर पूर्वीच्या फिल्मवर लाल प्रकाशाचा परिणाम होत नसे. नंतरच्या फिल्मवर होतो, म्हणून टॉर्च मारून बघू नका, खोलीतला अंधुक उजेड पुरे. आकडा दिसला की आत रोल आहे. ३५ मिलिमीटरचा कॅमेरा असेल, तर वर डावीकडे रोल परत गुंडाळायची छोटी दांडी असते. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अगदी हलकेच फिरवा. ताण लागला तर तिथेच थांबा आणि कॅमेरा तसाच माझ्याकडे घेऊन या.

आता पैसे. बहुतेक कॅमेऱ्यांचे फार येत नाहीत. लायका हा नावाजलेला जर्मन कॅमेरा, पण ‘लायका सापडला’ असा फोन आला की मी जास्तच सांभाळून बोलतो. सोव्हिएत काळात युक्रेनमधल्या खारकीवच्या कारखान्यात लायकाच्या नमुन्यावर ‘फेड’ बनायचा, नंतर दुसऱ्या कारखान्यातून ‘झोर्की’ही आला. पुढे त्यांच्यावरच लायकाचं नाव कोरून, सोनेरी मुलामा देऊन, जर्मन गरुड उमटवून ते विकले जाऊ लागले. लेन्स आट्यांवरून फिरवून काढली की आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरचा, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेचा, बारीक दांडा दिसतो. खऱ्या लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असतं, फेड-झोर्कीत पाचरीसारखा तुकडा. माझ्याकडे असा एक सोनेरी कॅमेरा आहे. फेड म्हणून तो चांगला आहे आणि त्याने काढलेले फोटो मला प्रिय आहेत. रोलीफ्लेक्स या दोन लेन्सच्या जर्मन कॅमेऱ्याला मात्र चांगली किंमत येते, आणि ती यायलाच हवी. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाय व्यारावाला यांनी ज्या कॅमेऱ्यांनी देशाचा इतिहास टिपला, त्यांत रोलीफ्लेक्स होता.

पण लोक मला सापडलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो पाठवतात, त्यांत सगळ्यात जास्त वेळा दिसतो तो आग्फा क्लिक थ्री. बडोद्यात बनलेला. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. फोकस करायचा नाही, वेग बदलायचा नाही, ऊन आहे की ढग एवढंच ठरवायचं.

आमच्या घरी हाच होता. बारा फोटो आम्हाला जवळजवळ वर्षभर पुरत. गणपतीत दोन, दिवाळीत किल्ल्याशेजारी आम्हा भावंडांचा एक, मुंबईची आत्या आली की एक. वडील आधी माणसं उभी करायचे, मग सूर्य पाठीशी येईल अशी जागा शोधायचे, कोपरं छातीशी घट्ट धरायचे आणि श्वास रोखायचे. त्या कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास उघडं राहतं, हात हलला की फोटो हलला. बारावा फोटो होईपर्यंत रोल धुवायला जायचा नाही, त्यामुळे गणपतीतले आम्ही कसे दिसलो ते कधीकधी संक्रांतीला कळायचं. काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपऱ्यांत खोचलेले ते चौकोन माझ्याकडे आहेत. आत्याचे डोळे मिटलेत. दुसरा फोटो काढला नव्हता, म्हणून आत्या तशीच राहिली, आणि मला ती तशीच आठवते.

मला कॅमेऱ्यांचा नाद लागला तो त्या श्वास रोखण्यामुळे. आज माझ्याकडे साठ-सत्तर कॅमेरे असतील, पण शोभेला एकही नाही. प्रत्येकात वर्षातून एकदा तरी रोल पडतो. जो चालत नाही तो मी दुरुस्त करायला बसतो, नाहीच झाला तर त्याचे सुटे भाग दुसऱ्याला लावतो.

म्हणून क्लिक थ्रीबद्दल माझं उत्तर ठरलेलं आहे: विकू नका, रोल घाला. त्याला लागणारा १२० क्रमांकाचा रोल अजून बनतो. १०० किंवा १२५ आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) कृष्णधवल फिल्म घ्या आणि सकाळच्या उन्हात बाहेर पडा. कॅमेरा चामड्याच्या पेटीत ठेवू नका, चामडं ओल धरतं. कोकणातून येणाऱ्या कॅमेऱ्यांची लेन्स उजेडात धरली की कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू दिसतात. ते वेळीच पुसले नाहीत तर काचेवरचा लेप कायमचा खातात. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढं पुष्कळ झालं.

उजेड मोजणारं मीटर असलेल्या कॅमेऱ्यांची एक अडचण मात्र नेहमी येते. माझ्या याशिकामॅट १२४जी या कॅमेऱ्याला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, तो घातला की मीटर चुकीचं दाखवतं. आई कानाचं मशीन वापरायची, त्याचा ६७५ क्रमांकाचा सेल १.४ व्होल्टचा असतो. भोवती रबराची रिंग घालून तो बसवला आणि काटा बरोबर जागी आला. आई गेली तेव्हा तिच्या कपाटात या सेलचं न उघडलेलं एक पाकीट होतं. ते मी त्या कॅमेऱ्यासाठी वापरलं.

गेल्या मे महिन्यात एक मुलगी आजोबांचा क्लिक थ्री घेऊन आली. विचारलं तेच, किती येतील. लाल खिडकीत ८ दिसत होता. म्हणजे चार फोटो शिल्लक. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. "उरलेले मी काढले तर चालतील?" तिने विचारलं. मी स्पष्ट सांगितलं, की इतक्या जुन्या फिल्मवर नवे फोटोही फिकेच येतील. तरी तिने काढले. चारही आजीचे, खिडकीपाशी, उन्हात.

रोल धुवायला मी दोन दिवस घेतले. जुन्या फिल्मला घाई चालत नाही. फिल्मवरचं चित्र उमटवणारं डी-७६ हे द्रावण मी घरीच बनवतो: लिटरभर पाण्यात सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५, मेटॉल २ आणि बोरॅक्स २. ते २० अंशांवर हवं आणि नळाचं पाणी तिशीच्या पुढे, म्हणून बादलीत बर्फ टाकून त्यात बाटल्या ठेवल्या. उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या द्रावणातून पट्टी बाहेर काढली तेव्हा आधी नुसतं करडं धुकं दिसलं. उजेडात धरल्यावर त्यातून तीन जुने फोटो आणि नवा एक, एवढी माणसं वर आली.

जुन्या रोलमध्ये कागदावरचे आकडे फिल्मवर उमटतात, तसे इथेही उमटले होते. सहाव्या फोटोत स्कूटरला टेकून एक तरुण जोडपं उभं होतं आणि तरुणाच्या सदऱ्यावर पुसटसा ६ होता. आजींना मी छोटी प्रत दाखवली. त्या बराच वेळ चेहऱ्यांकडे नाही, स्कूटरकडेच बघत राहिल्या. "ही आमची नव्हे," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्यांची. फोटोपुरती मागून आणली होती ह्यांनी."

तो फोटो मी आठ इंची चौकोनात मोठा करून दिला. सदऱ्यावरचा आकडा कॉम्प्युटरवर काढून टाकता येईल का, असं नातीने विचारलं. आजी म्हणाल्या, राहू दे.