लाल ग्रिप

बाईकच्या हँडलवरच्या कंपनीच्या रबरी ग्रिप अकरा वर्षं टिकल्या. बदलल्या का, तर झिजून गुळगुळीत झालेल्या म्हणून, आणि खरं सांगायचं तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लाल जोडी दीडशे रुपयांत टांगलेली दिसली म्हणून. जेल ग्रिप म्हणे. दाबून बघितली, लोण्यासारखी, घेतली.

गॅरेजच्या मेस्त्रींनी हातात घेतली आणि चक्क नाकाला लावली, मासळीवाल्याकडे बांगडा घेताना आपण कल्ला उघडून बघतो ना, तसंच काहीसं. म्हणाले, "हें पावसांत तिगचें ना, बाब." पावसात टिकायची नाही म्हणे. मी हसलो. साबणाचं पाणी आणि पातळ स्क्रूड्रायव्हर सरकवून त्यांनी जुन्या ग्रिप न कापता काढल्या. डावी थेट 22 मिलीमीटरच्या हँडलवर बसते, उजवी अ‍ॅक्सिलरेटरच्या प्लॅस्टिक नळीवर, म्हणून उजवीचं भोक मोठं असतं, हे इतकी वर्षं गाडी चालवून मला तेव्हा कळलं.

मे महिना. गाडी दिवसभर पणजीत उन्हात, संध्याकाळी फोंड्याला परत, आणि रायबंदरचा कॉजवे येईपर्यंत तळहात असा चिकट की फणस कापून आल्यासारखा. रबर मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं काहीतरी घालतात, स्वस्त मालात ते उन्हाने बाहेर येतं, असं मेस्त्री म्हणाले. आणि काळ्या ग्रिप काळ्या असतात त्या काही शोभेसाठी नाही, टायरसारखीच त्यात काजळी असते आणि ती ऊन अडवते. लालमध्ये ती घालणार कुठून? घातली तर लाल कसली! महिनाभरात माझ्या लालचा फिकट गुलाबी झाला, वर ऑफिसातल्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर डाग, त्यावरून घरात जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

मग जून. आत पाणी शिरलं आणि डावी ग्रिप फिरायला लागली. क्लच दाबायला जावं तर हँडल जागच्या जागी आणि मूठ आपली गोल गोल, त्यात समोर कदंबाची बस. डावी फिरली तर निदान शिव्या देता येतात, उजवी फिरली तर हात वळतो आणि गाडी ऐकत नाही. मधे फोमच्या पण लावून बघितल्या, गोव्यात त्या कोण घेतं देव जाणे, सकाळी मूठ आवळली की भांडी घासायच्या स्पंजसारखं पाणी मनगटावरून थेट रेनकोटच्या बाहीत.

शेवटी कंपनीच्याच काळ्या आणल्या, मेस्त्रींनी डावीला आतून सोल्युशन लावलं. बोलले काही नाहीत, फक्त वास घेतला.

कंपनीची ती अकरा वर्षांची जुनी जोडी भाच्याने नेली. सायकलचं हँडलही तेवढंच जाड, त्यामुळे डावी फिट बसली, उजवीला ट्यूबची पट्टी गुंडाळली. परवा त्याची सायकल हातात धरून बघितली, अजून चिकटत नाही.