बोलोन्यात चार दिवस, चारही दिवस पाऊस

निघायच्या आदल्या रात्री म्युनिकमध्ये बॅग भरता भरता फोनवर इटलीतल्या बोलोन्याचं हवामान बघितलं. चारही दिवसांवर ढग आणि ढगाखाली तिरक्या रेघा. नोव्हेंबर होता, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? रेल्वेची तिकिटं स्वस्तातली, म्हणजे पैसे परत न मिळणारी. चिपळूणहून माझ्याकडे राहायला आलेल्या आईला विचारलं, "जायचं का रद्द करू?" तिने फोन हातात घेतला, रेघा बघितल्या आणि म्हणाली, "एवढासा? याला कोण पाऊस म्हणतं?"

तर गेलो. म्युनिकहून थेट गाडी आहे, ब्रेनर खिंडीतून आल्प्स ओलांडते, साधारण सात तास. आईच्या जर्मनीच्या शेंगेन व्हिसावर इटली चालते, वेगळं काही लागत नाही. पासपोर्ट मात्र हाताशी ठेवा. परतताना जर्मनीच्या हद्दीत पोलिस डब्यात चढतात आणि त्या वेळी पासपोर्ट नेमका वरच्या रॅकवरच्या बॅगेच्या तळाशी असतो.

खरं सांगायचं तर बोलोन्या मी पावसासाठी निवडलंच नव्हतं. आईच्या गुडघ्यांना सपाट गाव बरं आणि व्हेनिसपेक्षा खर्च कमी, एवढाच हिशोब होता. स्टेशनातून बाहेर पडलो, छत्र्या उघडल्या, रस्ता ओलांडला आणि समोरच्या कमानीखाली शिरलो. दहा मिनिटांनी लक्षात आलं की छत्र्या मिटलेल्याच आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांचे वरचे मजले फुटपाथवर पुढे आलेले, खाली खांब आणि कमानी. एक संपली की दुसरी. जुन्या शहरातच अशा कमानींची लांबी ३८ किलोमीटर भरते. इटालियनमध्ये त्यांना पोर्तिको म्हणतात. आईने पहिल्याच वळणावर नाव बदललं: "ही तर पडवी आहे. गावभर एकच पडवी."

यामागची गोष्ट मला नंतर कळली आणि फार आवडली. इथलं विद्यापीठ १०८८ चं मानतात. विद्यार्थी आणि इतर माणसं शहरात येऊ लागली, तशी जागा अपुरी पडली. लोकांनी वरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खालून लाकडी खांबांचा टेकू दिला. आपल्याकडे नगरपालिकेने हे अतिक्रमण म्हणून पाडलं असतं (किंवा दंड भरून नियमित केलं असतं). बोलोन्याने उलटं केलं. १२८८ मध्ये नियम केला की नवीन घर बांधणाऱ्याने पोर्तिको काढलाच पाहिजे. उंचीही ठरवून दिली, घोड्यावर बसलेला माणूस खालून जाईल इतकी. जागा घरमालकाची, चालायचा हक्क सगळ्यांचा. स्ट्राडा माज्जोरेवर तेराव्या शतकातला एक लाकडी पोर्तिको अजून उभा आहे. त्याचे खांब इतके उंच की मान मागे टाकावी लागते. २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत हे पोर्तिको आहेत.

याच नियमाची एक दुसरी बाजू मी अंगावर घेतली. प्रत्येक मालकाने आपापल्या घरापुढे आपापली फरशी घातलेली. एका घरापुढे खडबडीत दगड, पुढच्याच घरापुढे आरशासारखी गुळगुळीत मोझाइक. त्यावर लोकांच्या बुटांचं आणि मिटलेल्या छत्र्यांचं पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अशाच एका चकचकीत तुकड्यावर सपशेल बसले. "वॉटरप्रूफ" म्हणून घेतलेल्या माझ्या बुटांचे तळवे गुळगुळीत होते, शिवाय संध्याकाळपर्यंत मोजे चिंब. आईचे भाजीबाजाराला जायचे रबरी तळव्यांचे बूट कोरडे आणि घट्ट. रात्री खोलीत माझ्या बुटांत फुकटच्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, तासाने बदलले, सकाळी हेअरड्रायर फिरवला. पावसात युरोपात फिरायला जाणार असाल तर दुसरा बुटांचा जोड न्याच. बाकी सगळं तिथे मिळतं. छत्री तर पहिला थेंब पडताच चौकात विकायला हजर असते.

माझी यादी पहिल्याच दिवशी कोलमडली. मनोऱ्याजवळ गेलो तर कललेल्या गारिसेंडा मनोऱ्याभोवती २०२३ पासून कुंपण आहे. आझिनेल्ली मनोरा ९७ मीटर उंच, त्याचा वरचा भाग ढगात गेलेला. मग सान पेत्रोनिओच्या चर्चमध्ये गेलो. तिथे जमिनीवर एक तिरपी पट्टी आहे, जवळजवळ ६७ मीटर लांब. १६५५ मध्ये कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने आखलेली. छताजवळच्या बारीक भोकातून सूर्याचा कवडसा खाली पडतो आणि भर दुपारी बरोबर या पट्टीवरून सरकतो, वर्षातला कुठला दिवस हे त्यावरून कळतं. आम्ही बाराच्या सुमारास तिथे उभ्या. आमच्यासारखेच आणखी सात-आठ जण जमिनीकडे बघत. बारा वाजून गेले. कवडसा नाही. एकेक जण ओशाळून पांगला. आई म्हणाली, "घड्याळ चांगलं आहे, पण आपल्या चिपळुणात चार महिने बंदच राहील."

त्यानंतर मी यादी फाडली आणि कमान नेईल तिकडे जायचं ठरवलं. चौकालगतच्या पोदेस्ता महालाखाली एक घुमट आहे, त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की पलीकडे स्वच्छ ऐकू येतं. मी कोपऱ्यात कान लावला. मधून माणसं जात होती, बाहेर पाऊस, आणि भिंतीतून आईचा आवाज आला: "भूक लागली गं."

आई शाकाहारी. बोलोन्याला इटलीत "जाडी" म्हणतात ते तिथल्या खाण्यावरून, आणि ते खाणं मुख्यतः डुकराचं. तोर्तेल्लिनी नावाची इवलीशी पुडी असते, तिच्यात मांस आणि ती मांसाच्याच रश्शात. पण तिचीच मोठी बहीण तोर्तेल्लोनी, आत रिकोटा चीज, वरून लोणी आणि सेजची पानं. नावात एका स्वराचा फरक, म्हणून वेटरला दोनदा विचारा. पार्मेजानो चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढलेलं द्रव्य असतं, हे आईला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. आणि बिलात माणशी दोन-तीन युरो "कोपेर्तो" लागतात, बसायचे म्हणा ना. पहिल्यांदा मी उगीच हुज्जत घातली.

एका दुकानाच्या काचेपलीकडे एक बाई पीठ लाटत होती. आई तिथे थांबली ती थांबलीच. लाटणं मीटरभर लांबीचं, मुठी नसलेलं. पोळपाट नाही, अख्खं टेबलच. अंड्यात भिजवलेलं पिवळंधमक पीठ. ती पोळी लाटण्याभोवती गुंडाळायची, तळव्यांनी मध्यापासून कडेपर्यंत सरकवत दाबायची आणि झटक्यात उलगडायची. दर वेळी पोळी हातभर मोठी. शेवटी तिची कड टेबलावरून खाली लोंबू लागली, पदरासारखी. मग चौकोन कापले, मध्ये सारणाचा ठिपका, त्रिकोणी घडी, करंगळीभोवती वळसा, चिमटा. आई काचेला नाक लावून. बाईने वर बघितलं, हसली आणि एक पुडी मुद्दाम सावकाश करून दाखवली. आईने हवेत बोटांनी मोदकाच्या पाकळ्या काढून दाखवल्या. दोघींना एकमेकींचं काय कळलं देव जाणे, पण आम्ही वीस मिनिटं तिथे होतो आणि आमच्यावर एक थेंब पडला नाही.

तिसऱ्या दिवशी सान लुका. शहराबाहेर टेकडीवर मेरीमातेचं देऊळ आहे (चर्च म्हणा, आई देऊळच म्हणते), आणि शहराच्या सारागोत्सा वेशीपासून देवळाच्या दारापर्यंत सलग छप्पर. पावणेचार किलोमीटरच्या आसपास, ६६६ कमानी. १४३३ मध्ये पाऊस थांबेना, पिकं सडायला लागली, तेव्हा मेरीची तसबीर मिरवणुकीने शहरात आणली आणि पाऊस थांबला, अशी इथली श्रद्धा. तेव्हापासून दरवर्षी तसबीर खाली येते. मिरवणूक भिजू नये म्हणून १६७४ पासून कमानी बांधायला घेतल्या. पाऊस थांबवणाऱ्या देवीलाच पावसापासून छत्र!

सुरुवातीचा रस्ता सपाट, मेलोन्चेल्लोच्या कमानीनंतर चढ. आई दर वीस-पंचवीस कमानींना टेकायची. भिंतीवर पाट्या होत्या: ही कमान अमक्या घराण्याने, ती तमक्या कारागिरांच्या संघाने बांधून दिली. "पायरीवर नावं घालतात तसंच," आई म्हणाली आणि पुढच्या पाटीपर्यंत चालायला निमित्त मिळालं. कमानींच्या कडेने पागोळ्या अखंड. धापा टाकत पळणारी कॉलेजची मुलं वर जात होती, खाली येत होती. दोन तासांनी वर पोचलो. शहर दिसतं म्हणतात. आम्हाला धुकं दिसलं, आणि धुक्याच्या आधीची एक ओली झाडांची रांग. आई बाकावर बसली, पर्समधून लाडूचा डबा काढला.

चार दिवस संपून निघायच्या सकाळी खिडकी उघडली तर लख्ख ऊन. चौकात खुर्च्या मांडलेल्या, माणसं कोट काढून बसलेली. आमची गाडी बाराच्या आतली होती. स्टेशनकडे जाताना आई उन्हात, मी सवयीने कमानीखालून. गाडीत बसल्यावर तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "बारा वाजले. आता तिकडे पट्टीवर पडला असेल."

बाहेर पो नदीच्या सपाटीवर पाणी साचलेली शेतं चमकत होती.