आमची वाटचाल: आधी घोडा, मग स्वार

कोल्हापुरातल्या आमच्या स्टुडिओत एकाच प्रकारची चित्रं होतात: लढाया, स्वाऱ्या, छावण्या आणि घोडदळ. देवदेवता, निसर्गचित्रं, वाढदिवसाची पोर्ट्रेट यांची विचारणा बरीच होते. ती कामं आम्ही गावातल्या दुसऱ्या चित्रकारांकडे पाठवतो. आमचं म्हणणं सुरुवातीपासून एकच आहे. घोडा चुकला तर चित्र गेलं, मग वर बसलेल्या स्वाराचा चेहरा कितीही तेजस्वी असो. या हट्टावर आमचा व्यवसाय उभा आहे, आणि याच हट्टापायी सुरुवातीची बरीच वर्षं तो रखडतही चालला.

वडील सिनेमाचे बॅनर रंगवायचे. बाबूराव पेंटरांच्या या गावात तो मानाचा धंदा होता. वीतभर फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी भल्यामोठ्या कापडावर खडूने मारायच्या, आणि शिडीवर उभं राहून नायकाचं नाक हातभर लांबीचं रंगवायचं. जवळून नुसते रंगाचे पट्टे दिसतात, रस्त्याच्या पलीकडून माणूस दिसतो. मोठ्या कॅनव्हासची मला आजही भीती वाटत नाही, ती त्या शिडीवरची कमाई. मग फ्लेक्स आला आणि बॅनर पेंटरांची अख्खी पिढी बघता बघता रिकामी बसली. आमच्या घरात ब्रश होते, शिड्या होत्या, हात बसलेला होता. गिऱ्हाईक मात्र उरलं नव्हतं.

तेव्हा हात दिला शिवजयंतीने. मंडळांना देखाव्यामागे पडदे लागत. मागणी ठरलेली: मागच्या दोन पायांवर उभा पांढराशुभ्र घोडा, भगवं आभाळ, खाली धूळ. असे पडदे आम्ही मनापासून रंगवले आणि त्यावर घर चाललं. पण तोच घोडा, तेच आभाळ वर्षानुवर्षं रंगवताना मनात यायचं की ज्या सैन्याने दख्खनपासून अटकेपर्यंत घोडी नेली, त्या सैन्यात घोडा काही सारखा दोन पायांवर उभा नव्हता. तो चालत होता, घाट उतरत होता, तोबऱ्यातली चंदी खात होता, लंगडत होता. हे सगळं कोण रंगवणार?

दोन कामांनी दिशा दिली. एक, एम. व्ही. धुरंधरांची ऐतिहासिक चित्रं. धुरंधर कोल्हापूरचेच, जन्म १८६७ चा. त्यांच्या गर्दीच्या चित्रात कडेच्या माणसाचं पागोटंसुद्धा उगाच बांधलेलं नसतं. दुसरं काम पुण्यातलं: श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात १९२८ साली उभा राहिलेला नानासाहेब करमरकरांचा अश्वारूढ पुतळा. त्या घोड्याच्या मानेत आणि छातीत जे बळ आहे ते पाहिल्यावर कळतं की शिल्पकाराने आधी खरा घोडा डोळ्यांत साठवला आणि मग मातीला हात लावला.

आम्हीही घोड्यापासूनच सुरुवात केली. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. विकणारा घोड्याला पळवून दाखवतो, घेणारा दात बघतो, खूर उचलून बघतो, आणि हे सगळं दिवसभर डोळ्यांसमोर चालतं. चित्रकाराला याहून मोठी शाळा नाही. पांढऱ्या घोड्याचंच घ्या. नुकऱ्याची, म्हणजे जन्मापासून पांढऱ्या घोड्याची, कातडी खालून गुलाबी असते, म्हणून नाकपुड्यांभोवती आणि डोळ्यांच्या कडेला गुलाबी झाक येते. दुसरा पांढरा घोडा जन्मतः काळपट असतो आणि वय वाढेल तसा पांढरा होत जातो. त्याची कातडी काळीच राहते, त्यामुळे तोंडाशी करडा-निळसर रंग दिसतो आणि अंगावर घाम आला की पांढऱ्या केसांखालून सावळेपणा डोकावतो. लांबून दोन्ही सारखेच पांढरे. कॅनव्हासवर मात्र नुसत्या टिटॅनियम व्हाइटने दोन्हींचं काम भागत नाही. एकाला थोडा लाल गेरू लागतो, दुसऱ्याला काळ्यात मिसळलेला निळा.

मग धाव. जुन्या चित्रांत, आपल्याकडच्या आणि युरोपातल्याही, भरधाव घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून हवेत तरंगतो. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोडीचे फोटो घेतले तेव्हा उलगडा झाला: चारही खूर जमिनीवरून सुटतात खरे, पण ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. आधी मागचे दोन खूर एकामागोमाग टेकतात, मग पुढचे दोन, मग तो तरंगण्याचा क्षण. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून हा क्रम आम्ही आधी मातीत करून घेतो. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकल्यासारखा दिसतो ती घोड्याची टाच, हे हाताला कळलं की पाय आपोआप नीट यायला लागतात.

जातीचा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा. सिनेमात दिसतो तो उंच, लांब पायांचा, चकचकीत घोडा बहुतेक वेळा शर्यतीच्या थरोब्रेड वळणाचा असतो. ती जात इंग्लंडमध्ये घडली, अठराव्या शतकात. शिवकालीन चित्रात तिचं काय काम? दख्खनचा घोडा वेगळा: भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी, बुटका, दणकट, कमी चाऱ्यावर दिवसेंदिवस चालणारा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, त्या बातमीने आमच्या स्टुडिओत पेढे वाटले गेले. सरदारांकडे अरबी घोडे होते, तेही आम्ही रंगवतो. पण बारगिराच्या, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या साध्या स्वाराच्या, मांडीखाली भीमथडीच हवा. आणि तो बुटका घेतला की सगळी मांडणी बदलते: स्वाराचे पाय पोटाच्या खाली लोंबतात, पायदळातल्या माणसाचं डोकं घोड्याच्या मानेला लागतं, चित्रातली माणसं एकमेकांच्या जवळ येतात. मला हे फार आवडतं.

सामानाचा शोध अजून संपलेला नाही. तलवारी, पट्टे, ढाली, चिलखतं संग्रहालयांत पुष्कळ आहेत. पुण्याचं राजा केळकर संग्रहालय, साताऱ्याचं शिवाजी महाराज संग्रहालय, इथला आमचा न्यू पॅलेस, सगळीकडे आम्ही पुन्हा पुन्हा जातो. घोड्याचं सामान मात्र कमी उरलं आहे, कारण ते कापडाचं, कातड्याचं आणि दोरीचं. खोगीर, ते पोटाखालून आवळणारा तंग, तोंडावरची मोहरकी, दुमची, पाय बांधायची आगाडी-पिछाडी. यातली दुमची बहुतेक चित्रांत गायबच असते. शेपटीखालून जाणारा हा पट्टा खोगिराला पुढे सरकू देत नाही. सह्याद्रीचा घाट उतरताना तो नसेल तर खोगीर स्वारासकट घोड्याच्या मानेवर येईल. घाटाचं चित्र आणि दुमची नाही, असं आमच्या स्टुडिओतून बाहेर जात नाही.

आमची ओळख झाली ती नेसरीच्या चित्राने. नेसरी आमच्याच जिल्ह्यातली, गडहिंग्लज तालुक्यातली. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर तिथे पडले. सात स्वार, समोर बहलोलखानाची फौज. हे दृश्य महाराष्ट्राने इतक्या वेळा पाहिलं आहे की नवं काय दाखवणार, असं सगळेच म्हणत होते. आम्ही खिंडीपासून सुरुवात केली. इंग्रजांचा दुभाषा नारायण शेणवी याच्या त्याच वर्षीच्या पत्रात दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेचा आणि प्रतापरावांबरोबरच्या सहा स्वारांचा उल्लेख आहे. अरुंद वाट म्हटली की सात घोडी एका रांगेत छाती काढून दौडणार नाहीत. ती एकमेकांना खेटतील, मागचा घोडा पुढच्याच्या धुळीत असेल, एखादा दगडावर घसरेल. फेब्रुवारी म्हणजे गवत वाळलेलं आणि पळस फुलायला लागलेला. लाल रंग आम्हाला त्या पळसातून मिळाला, आभाळ आम्ही दुपारचं, पांढुरकं ठेवलं. प्रतापरावांचा चेहरा समोरून दिसत नाही. तो खानाकडे वळलेला आहे, आपण मागच्या स्वारांच्या जागी उभे आहोत. चित्र घेणाऱ्या गृहस्थांनी आधी चेहरा फिरवून मागितला होता. आम्ही नम्रपणे नाही म्हटलं, त्यांनी विचार करायला वेळ घेतला आणि चित्र आहे तसं नेलं.

त्यानंतर मला ज्या चित्राचा सर्वांत जास्त अभिमान आहे ते केलं. त्यात एकही उपसलेली तलवार नाही. १६७३ साली शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. रयतेच्या काडीलाही हात लावू नका. रात्री दिवे तसेच जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. राजा उंदराचा विचार करतो आहे! सभासदाच्या बखरीत आणखी एक नोंद आहे: पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी, म्हणजे पखालीने पाणी वाहणारा. ही माणसं कुठल्याच चित्रात नसतात. आमच्या चित्रात तीच मधोमध आहेत. कोकणातला पाऊस, झापांचा आडोसा, नालबंदाने मांडीवर घेतलेला खूर, खांद्यावरून पखाल उतरवणारा माणूस, वैरणीच्या गंजीपासून लांब टांगलेला कंदील. घोड्यांचे कान पावसाने मागे पडलेले.

ते चित्र बराच काळ भिंतीवरच राहिलं. लोक थांबून बघायचे आणि लढाईचं चित्र घेऊन जायचे. शेवटी एका पशुवैद्यांनी घेतलं. आज त्याच चित्राच्या छोट्या प्रिंट्स शाळांमध्ये सर्वाधिक जातात, कारण इतिहासाच्या शिक्षकांना त्यावर तासभर बोलता येतं.

सैन्याचं काम नंतर आलं. घोडदळाची परंपरा असलेल्या एका रणगाडा रेजिमेंटच्या मेससाठी आजच्या इस्राएलमधल्या हैफाच्या लढाईचं चित्र हवं होतं: २३ सप्टेंबर १९१८, जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्स, एका बाजूला कार्मेल डोंगर, दुसऱ्या बाजूला किशोन नदीची दलदल. इथे घोडाही वेगळा. त्या काळी हिंदुस्थानी रिसाल्यांत ऑस्ट्रेलियातून आणलेले वेलर घोडे मोठ्या प्रमाणावर होते, उंच आणि हाडापेराने मोठे. भीमथडीवर बसलेला हात मोडून नव्याने घोटावा लागला. फौजी माणसं बटण न् बटण तपासतात. आमच्या पद्धतीला ते फारच मानवलं.

व्यवहाराचंही लिहितो, कारण या वाटेवर येणारी मुलं तेच विचारतात. मूळ तैलचित्रं वर्षाला मोजकीच होतात. घर चालतं ते प्रिंट्सवर: कॉटन कागद, पिगमेंट शाई, प्रत्येक प्रतीवर क्रमांक आणि सही. करारपत्राशिवाय आम्ही ब्रश उचलत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ प्रत्येक चित्रकाराने वाचावं. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि वेगळं काही ठरवलं नसेल, तर पहिला कॉपीराइट चित्र काढून घेणाऱ्याचा होतो, चित्रकाराचा नाही. म्हणून आमच्या प्रत्येक करारात वाक्य ठरलेलं: चित्र तुमचं, पुनर्मुद्रणाचा हक्क आमचा. नेसरीचं चित्र एकाने न विचारता टी-शर्टवर छापून विकलं तेव्हा याच वाक्याच्या जोरावर आमच्या वकिलांनी ते थांबवलं. लोकांना आमचं चित्र घरात हवंय याचा आनंद आहेच, पण त्यामागे जो अभ्यास आहे त्याचं मोल मिळालंच पाहिजे.

आज धाकटा भाऊ कॅनव्हास ताणणं आणि फ्रेमिंग बघतो, पत्नी हिशेब, पत्रव्यवहार आणि जुन्या मोडी कागदांचं वाचन सांभाळते. मोडी ती मुद्दाम शिकली, आणि आता अभ्यासकही तिला शंका विचारतात. हाताखाली मुलं-मुली आहेत, त्यातली एक तर घोड्याचे डोळे माझ्यापेक्षा सरस रंगवते. पुढचं मोठं काम पालखेडच्या लढाईचं आहे, १७२८ च्या. बाजीरावांनी निजामाला लढाईआधी चालीने कोंडलं. जड तोफखाना मागे ओढणारी फौज एकीकडे आणि हलकी, सारखी हलणारी घोडी दुसरीकडे, हा फरक एका चौकटीत कसा बसवायचा यावर सध्या स्टुडिओत रोज वाद चालतो.

त्या कामासाठी वाचकांकडे एक मागणं आहे. तुमच्या जुन्या वाड्यात, माळ्यावर किंवा देवघराच्या खोलीत खोगीर, रिकिबी, लगामाचं तोंडातलं लोखंड, दुमचीचे कडे, नाल असं काही पडून असेल, तर भंगारात घालू नका. आम्हाला बोलवा. आम्ही तुमच्या घरी येऊन मापं घेऊ, फोटो काढू, कापड किंवा कातडं असेल तर ते कसं जपायचं ते सांगू, आणि वस्तू जागच्या जागी ठेवून परत जाऊ. ज्या चित्रात ती वस्तू वापरली जाईल, त्याची एक प्रिंट तुमच्या घरी पोचेल.