कुठली फायनल?

‘कुठली गं फायनल?’ असं ती सहज म्हणाली. मास्क कपाळावर सरकवलेला, पायात घालायचे फिन्स हातात, केसांतून पाणी गळतंय. आठवत नसल्याचं सोंग असतं तरी चाललं असतं. पण तिला खरंच आठवत नव्हतं.

कॉलेजची तीन वर्षं पोहण्याच्या प्रत्येक फायनलला ती चार नंबरच्या लेनमध्ये आणि मी पाचमध्ये. हीट्समध्ये, म्हणजे आधीच्या फेऱ्यांत, सगळ्यांत वेगवान असेल तिला चार, तिच्या मागचीला पाच, नियमच तसा. म्हणजे ब्लॉकवर चढायच्या आधीच आपण दुसऱ्या, हे कागदावर लागलेलं असायचं. त्यात मी श्वास घेते तो फक्त उजवीकडे. शंभर फ्रीस्टाइलला जाताना ती दिसायची, टर्न मारला की ती डावीकडे. परतीचे पन्नास मीटर मी दरवेळी अंदाजावरच पोहले.

शेवटच्या वर्षी फायनल 0.09 सेकंदांनी गेली. 2008 ला बीजिंग ऑलिंपिकच्या शंभर बटरफ्लायला फेल्प्सने शेवटी जादा अर्धा स्ट्रोक मारला, सर्बियाचा चाविच हात लांबवून घसरत राहिला आणि 0.01 ने हरला, हे मला तेव्हाही पाठ होतं. तरी मी हात लांबवून घसरतच राहिले. सर नंतर काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

चाविचचं एक बरं आहे. फेल्प्स त्याला ‘कुठली फायनल?’ असं नक्कीच विचारणार नाही.

इतकी वर्षं मी जे एकटीनेच सांभाळलं, त्याला काय म्हणायचं? चुरस म्हणायला निदान दोघी तरी लागतात ना?

असो. तर ती आता अंडरवॉटर हॉकी खेळते. हा खेळ 1954 मध्ये इंग्लंडात सुरू झाला, तेव्हा त्याचं नाव होतं ऑक्टोपुश. एका बाजूचे सहाजण पाण्यात, हातात वीतभर काठी, आणि सव्वा किलोहून जड पक, म्हणजे चेंडूऐवजीची चकती, थेट तळाशी. काठावरून काहीच कळत नाही, नुसते स्नॉर्केल आणि मधूनच आपटणारे फिन्स. कुणी टाळ्या वाजवायच्या म्हटलं तरी कशासाठी, हा प्रश्नच आहे. वॉटर पोलोला निदान चेंडू तरी दिसतो.

‘चल, एक जण कमी आहे,’ म्हणाली आणि मला उतरवलं.

आयुष्यभर मी पाण्याच्या वर राहायला शिकले. इथे खाली जायचं, आणि मी आपली बुचासारखी वर. तिसऱ्या खेपेला एकदाची तळाशी पोचले, पक काठीला लागला, आणि लगेच दम संपला. इथे दम संपणं म्हणजे हरणं नाही म्हणे. पक सोडायचा, वर जायचं, तोवर आपलं कुणीतरी खाली येतंच. मी पक सोडला आणि उजवीकडून ती आली. आमच्या टोप्या एकाच रंगाच्या होत्या, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळच लागला.

फायनलचं पुन्हा काढणार होते. कपडे बदलताना काढलं नाही.

अंगठ्याजवळचं कातडं गेलंय, टाइप करताना बोचतंय. रविवारी परत बोलावलंय. तिच्याकडे जास्तीचा एक ग्लव्ह आहे, पण तो मला बसायचा नाही. तिचे हात माझ्यापेक्षा लांब. किती, ते मला शतांशात माहीत आहे.