दोन आवाज, एक गिटार आणि नाताळचा अल्बम

नाताळचे इंग्लिश अल्बम दर ऑक्टोबरला ढिगाने येतात आणि जानेवारी उजाडला की कुणी त्यांचं नावही काढत नाही, पण शेन अँड शेनचा २००८ चा 'ग्लोरी इन द हायेस्ट' माझ्याकडे अजून दर डिसेंबरला वाजतो, आणि त्याच्याबद्दल, म्हणजे खरं तर अशा अल्बमना लोक कसं जोखतात त्याबद्दल, मला केव्हापासून लिहायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेन बर्नार्ड आणि शेन एव्हरेट, टेक्सासमधली जोडी, दोघांचं नाव एकच म्हणून जोडीचंही नाव तेच. टेक्सासमध्ये कॉलेजच्या पोरांच्या उपासनांमधून पुढे आलेले हे दोघं. २००२ ला त्यांचा 'साम्स' आला, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं धरून केलेली गाणी, आणि तिथूनच त्यांची ओळख ठरली: बर्नार्डची ॲकुस्टिक गिटार आणि दोघांचे एकमेकांना चिकटून चालणारे आवाज, इतके चिकटून की कधीकधी मूळ चाल कोण गातंय आणि हार्मनी, म्हणजे सोबतीचा दुसरा सूर, कोण देतंय तेच कळत नाही. नाताळच्या अल्बमचं नाव लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातलं, देवदूत मेंढपाळांना दिसतात आणि 'ऊर्ध्वलोकी देवाला गौरव' म्हणतात तिथलं.

आता रिव्ह्यू. ख्रिश्चन म्युझिकचे रिव्ह्यू मी आवडीने वाचते, पाचपैकी किती स्टार वगैरे सगळं, आणि नाताळच्या अल्बमवर लिहिणाऱ्याची अडचणही मला समजते कारण तीच दहा-बारा जुनी कॅरल्स, म्हणजे नाताळची पारंपरिक गाणी, असतात, त्यांचा कॉपीराइट कधीच संपलेला असतो, कुणीही उठून रेकॉर्ड करू शकतं आणि करतातही, मग लिहिणारा बिचारा विचारतो की यात नवीन काय. चाल थोडी बदलली तर म्हणतात चांगल्या चालीला कशाला हात लावला, नाही बदलली तर म्हणतात मग अल्बम काढलाच कशाला. आणि ॲकुस्टिक जोडी असेल तर तिसरी तक्रार हमखास, सगळी गाणी सारखीच वाटतात. ही तिसरी तक्रार मला थोडी पटते. दोन आवाज आणि एक गिटार एवढ्यावर अख्खा अल्बम उभा करायचा तर लय, पट्टी, आवाजांची मांडणी यात बारीक बारीक बदल सतत करावे लागतात आणि ते ऐकायला ऐकणाऱ्यालाही जरा थांबावं लागतं, स्वयंपाक करताना मागे लावून ठेवलं तर ते कानावरून निघूनच जाणार.

पण पहिला प्रश्न, नवीन काय, हा उपासनेच्या गाण्याला विचारायचा मुख्य प्रश्नच नाही असं मला मनापासून वाटतं. ही गाणी ऐकण्यासाठी कमी आणि गाण्यासाठी जास्त असतात. त्यांचा खरा रिव्ह्यू रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये उपासनेला जमलेल्या लोकांत होतो, पहिल्या कडव्याला लोक पुस्तकात डोकं घालून असतात आणि तिसऱ्या कडव्याला मान वर करून गातात की नाही, एवढंच बघायचं. आणि या मापाने जोखलं तर शेन अँड शेनला माझा एक ठाम आक्षेप आहे जो रिव्ह्यूमध्ये फारसा दिसत नाही: पट्टी. दोघंही वरच्या सुरात आरामात गाणारे, त्यांच्या पट्टीत मंडळीतल्या काका-काकूंनी गायचं म्हणजे शेवटच्या ओळीला निम्मी माणसं गप्प आणि उरलेली ओरडतात. मी त्यांची कुठलीही मांडणी आमच्याकडे आणताना आधी दोन-तीन सूर खाली उतरवते. मंडळीत साथ करणाऱ्यांची ही अडचण त्यांच्याही ओळखीची असणार, कारण पुढे त्यांनीच वर्शिप इनिशिएटिव्ह सुरू केलं, चर्चमध्ये वाजवणाऱ्या साध्या लोकांना गाणी कशी बसवायची ते शिकवण्यासाठी. मला त्यांच्या सगळ्या अल्बमपेक्षा ते काम मोठं वाटतं.

आणि हे 'दोन जण, एक गिटार' प्रकरण साधं, डेमोसारखं, अर्धवट वाटतं असं कुणी म्हणालं की मला ओबर्नडॉर्फच आठवतं. ऑस्ट्रियातलं साल्झबुर्गजवळचं नदीकाठचं गाव. २४ डिसेंबर १८१८. तिथला तरुण सहायक धर्मगुरू जोसेफ मोर याने दोन वर्षांपूर्वी, १८१६ ला, मारियाफार नावाच्या गावी असताना एक कविता लिहिली होती. ती घेऊन तो शेजारच्या आर्न्सडॉर्फच्या शाळामास्तरकडे गेला, फ्रान्झ झेवर ग्रुबर, जो ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचा, आणि म्हणाला की याला दोन आवाज, कोरस आणि गिटार अशी चाल लावून दे. त्याच रात्री सेंट निकोलसच्या चर्चमध्ये दोघांनी ते गाऊन दाखवलं, मोर वरच्या सुरात आणि हातात गिटार, ग्रुबर खालच्या सुरात. 'सायलेंट नाइट' हे असं जन्मलं. म्हणजे ज्या गाण्याशिवाय आज नाताळचा अल्बम पुरा वाटत नाही ते मुळातच एका ॲकुस्टिक जोडीचं गाणं आहे!

ऑर्गन उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली ही गोष्ट संडे स्कूलमध्ये आपण सगळ्यांनी ऐकलीय, पण ग्रुबरने स्वतः पुढे लिहून ठेवलेल्या हकिगतीत ऑर्गन बिघडल्याचा उल्लेखच नाही. मोरने गिटार मागितली होती एवढंच त्यात आहे आणि मला ते जास्त आवडतं, अडलं म्हणून नाही तर हवी होती म्हणून गिटार.

या गाण्याचं पुढे लोकांनी काय केलं ते तर फारच भारी आहे. ऑर्गन दुरुस्त करणारा कार्ल माउराखर ते आपल्या झिलरटाल खोऱ्यात घेऊन गेला असं मानतात, तिथल्या हातमोजे विकणाऱ्या स्ट्रासर भावंडांनी १८३० च्या सुमारास लाइपझिगमध्ये गायलं, रायनर या गायक कुटुंबाने १८३९ ला न्यूयॉर्कला नेलं, आणि या सगळ्या प्रवासात ज्यांनी लिहिलं त्यांची नावंच गळून पडली. लोक म्हणायला लागले हायडनसारख्या नामांकित संगीतकाराचं असेल, कुणी म्हणालं मोत्झार्टचं, कारण इतकं सुंदर काहीतरी खेड्यातल्या मास्तरने केलं असेल हे कुणाला खरं वाटेना. १८५४ ला बर्लिनच्या राजदरबारच्या संगीतकारांनी साल्झबुर्गला चौकशी केली की हे मिखाएल हायडनचंच ना, तेव्हा ग्रुबरने ३० डिसेंबरला बसून ती हकिगत लिहिली, आणि त्यात त्या रात्रीबद्दल एवढंच आहे की सगळ्यांना पसंत पडलं. या गाण्याचा पहिला रिव्ह्यू एवढाच, एका वाक्याचा. मोर तोवर गेलेला होता, १८४८ ला वाग्राइनमध्ये, गरिबीतच. त्याच्या स्वतःच्या हातची प्रत थेट १९९५ मध्ये सापडली आणि तेव्हा कुठे कवितेचं साल १८१६ हे पक्कं झालं, आधी लोक कविता आणि चाल दोन्ही एकाच दिवशी झाली असं धरून चालायचे.

मराठी मंडळीला खरं तर हे सगळं समजावून सांगायची गरजच पडू नये. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग आणि ओवीच्या वळणाने जी गीतं लिहिली ती कुणी स्टार देऊन टिकवली नाहीत, ती पेटी-तबल्यावर घराघरात गायली म्हणून टिकली. आमच्याकडे नाताळच्या कॅरल फेरीत गिटार आणि ढोलकी शेजारी शेजारी असतात आणि 'सायलेंट नाइट'ला आमचा तबलेवाला संथ दादरा धरतो, सहा मात्रांचंच गाणं आहे ते, इतकं सहज बसतं की बाहेरून आलंय असं वाटतच नाही.

परत अल्बमकडे. मला त्यात सगळ्यात जवळचं वाटतं ते 'बॉर्न टू डाय', म्हणजे मरण्यासाठी जन्मलेला, ज्यात बेथनी डिलन गाते, ती स्वतः गायिका आणि बर्नार्डची बायको. नाताळच्या गोड गोड रेकॉर्डमध्ये असं नाव असलेलं गाणं घालायला हिंमत लागते. बाळ येशूच्या गव्हाणीपाशीच वधस्तंभ दाखवायचा म्हणजे घरात बाळ आलंय आणि कुणीतरी त्याच्या मरणाचं बोलतंय, आपल्याकडे तर कुणी बोलूच देणार नाही. पण शुभवर्तमानात देवभक्त शिमोन येशूच्या आईला, मरियेला, तेच सांगतो ना, तुझ्या जिवातून तलवार भोसकून जाईल. त्या दोन पुरुषी आवाजांत बाईचा आवाज मिसळला की तो प्रसंग माझ्यासाठी मरियेच्या बाजूने उघडतो. ज्याला या अल्बममध्ये नवीन काय असं विचारायचंय त्याने हे गाणं एकदा शांत बसून ऐकावं, हेडफोन लावून, दुसरं काही न करता.

यंदा आम्ही मंडळीत 'सायलेंट नाइट' मुळासारखं करायचं ठरवलंय, एक गिटार, दोन आवाज, शेवटच्या ओळी सगळ्यांनी, आणि पट्टी मूळचीच, डी, म्हणजे आपली पांढरी दोन. मी खालचा आवाज धरणार आहे. मूळ जर्मनमध्ये सहा कडवी आहेत आणि आपण जगभर तीनच गातो, राहिलेल्यांतलं, मूळ क्रमातलं चौथं कडवं मला फार हवंय कारण त्यात येशू भाऊ होऊन जगातल्या सगळ्या लोकांना कवेत घेतो, आणि १८१६ मध्ये नेपोलियनची युद्धं नुकतीच संपलेली असताना मोरने ते लिहिलंय. त्या कडव्याचं चालीत बसणारं मराठी कुणाच्या आजी-आजोबांच्या जुन्या वहीत किंवा गीतांच्या पुस्तकात असेल तर प्लीज फोटो काढून पाठवा, नसेल तर आम्हीच बसून लिहू, प्रॅक्टिस डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतेय.