पंधरा अधिक एक

फळमाशीचं अंडाशय धडपणे बाहेर काढायला मला तीन आठवडे लागले. सांगायला काम सोपं आहे. माशीला कार्बन डायऑक्साइडने गुंगी आणायची, खारट द्रावणाच्या थेंबात ठेवायची, एका चिमट्याने छाती धरायची आणि दुसऱ्याने पोटाचं टोक हलकेच ओढायचं. माझ्या हातात मात्र आतडंच यायचं. अंडाशय आलंच तर इतकं खुरटलेलं, की त्यात बघण्यासारखं काही नसायचं. मला वाटायचं, हातालाच सवय नाही.

लॅबमधल्या सिनियर ताईने एकच प्रश्न विचारला, "माश्यांना दोन दिवस आधी यीस्ट घातलंस का?"

घातलं नव्हतं. मादीला पुरेसं प्रथिन मिळालं नाही, तर पीतक, म्हणजे अंड्यातला बलक, भरायला सुरुवात होते त्या सुमारास, वाढीच्या आठव्या टप्प्याशी, वाढती अंडी मोडीत निघतात. त्या दिवसापासून नळीत ओल्या यीस्टचा लगदा लावू लागले. पुढच्या खेपेला पोट उघडलं आणि दोन पांढरे टपोरे घोस थेंबात तरंगले. मी चिमटा खाली ठेवून नुसती बघत राहिले.

एका घोसात साधारण पंधरा-वीस अंडनलिका असतात. भोवतीचं स्नायूंचं आवरण न काढता रंगवलं तर सगळा गुंता होतो. ते सोलायला वेगळा सराव लागला. नीट सुटलेल्या नलिकेत मात्र वाढीचा सगळा क्रम ओळीने मांडलेला असतो. टोकाशी मूळपेशी, शेवटी तयार अंडं, मध्ये चौदा टप्प्यांतून वाढणारे अंडकप्पे, म्हणजे पेशींचे छोटे पुंजके.

खरी अडचण त्यापुढे आली. डीएनए निळा चमकवणारा रंग लावला आणि अंडपेशी शोधायला लागले. सर्वांत मोठं केंद्रक तिचंच असणार, असं मी धरून चालले होते. चार दिवस वहीत तशाच खुणा केल्या. ताईने वही पाहिली आणि म्हणाली, "आधी एका अंडकप्प्यातली सगळी केंद्रकं मोज."

मोजली. पंधरा मोठी निघाली आणि मागच्या टोकाला एक बारीकसा ठिपका. तो ठिपका म्हणजे अंडपेशीचं केंद्रक! तिची गुणसूत्रं एका छोट्या गोळ्यात आवळून बसलेली असतात. मोठी केंद्रकं पोषक पेशींची. त्या विभाजन न करता डीएनएच्या प्रतींवर प्रती काढत राहतात, कारण अंड्याला लागणारा बहुतेक माल त्यांनाच बनवायचा असतो.

या सोळाजणी सख्ख्या बहिणी. मूळपेशीची एक लेक चारदा विभागते, पण दरवेळी विभाजन अर्धवट राहतं. पेशींमध्ये गोल खिडक्या उरतात, त्यांना रिंग कॅनाल म्हणतात. चार-चार खिडक्या फक्त दोघींना मिळतात आणि त्यांच्यातलीच एक अंडपेशी होते. अ‍ॅक्टिन हे पेशीतलं प्रथिन रंगवल्यावर या खिडक्या लाल कड्यांसारख्या दिसतात. फोकस वरखाली करत एका पेशीला लागून चारही कडी सापडली तो दिवस मी विसरणार नाही.

सगळ्या कीटकांत असं नसतं. टोळाच्या अंडाशयात पोषक पेशीच नसतात. ढेकणाच्या असतात, पण नलिकेच्या टोकाशी राहून लांब दोऱ्यांतून अंडपेशीला माल पुरवतात.

बाहेरून वेढणाऱ्या पुटक पेशी पुढे अंड्याचं कवच घडवतात. त्यांतल्या सहा ते दहाजणी नवव्या टप्प्यावर थर सोडून पोषक पेशींच्या मधून वाट काढत अंडपेशीपर्यंत जातात. शुक्राणू आत शिरण्याचं छिद्र घडवण्यात त्यांचा हात असतो. माझ्या पहिल्या चांगल्या स्लाइडवर हा घोळका अर्ध्या वाटेवर सापडला होता.

मग एकदा जिवंत अंडकप्पा पोषक द्रावणात ठेवून पाहिला. दहावा टप्पा संपत आलेला, अंडपेशीने निम्मी जागा व्यापलेली. आधी बराच वेळ काहीच घडलं नाही. मग पोषक पेशी आकसू लागल्या आणि त्यांच्यातला द्रव खिडक्यांमधून लोंढ्याने अंडपेशीत शिरला. साधारण अर्ध्या तासात त्या रिकाम्या झाल्या. पुढच्या टोकाला त्यांची मोठाली केंद्रकं तेवढी चेपून मागे राहिली होती. मी सवयीने ती मोजायला लागले.